दुपट्यातले तुमचे टाके

अक्का,

तुमच्या ट्रंकेची किल्ली शेवटी माझ्याकडे आली. तीस वर्षं ती तुमच्या कमरेला खोचलेली असायची, आणि या घरात धाकटी जाऊ म्हणून आल्यापासून माझा तिच्यावर डोळा होता, हे तुम्हाला ठाऊक होतं. तेराव्याची माणसं पांगली तसे मोठे भाऊजी ओट्यावर आले, किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "तिच्या गोधड्या समद्या अर्ध्यामुर्ध्या पडल्यात. आता तूच बघ." तुमच्या नवऱ्याने तीस वर्षांत माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य असेल. मला वाटलं होतं, किल्ली हातात आली की आपल्याला बरं वाटेल. नाही वाटलं. तुम्ही स्वतःच्या हाताने दिली असती, तर कदाचित वाटलं असतं.

येत्या आठवड्यात दोन महिने होतील. दुधाला येणाऱ्या सोसायटीतल्या बायका अजून भांडं पुढे करतात आणि तुमच्याबद्दल बोलतात. "आजी किती गोड होत्या ना!" मी माप ओतते आणि म्हणते, हो, होत्या. त्या गोड आजी धाकट्या जावेला गोधडीचा मधला तुकडा कधी लावू देत नसत, हे काही मी त्यांना सांगत बसत नाही. त्यांना दूध घेऊन ऑफिस गाठायचं असतं.

गेलेल्या माणसाचा हेवा करणं शोभत नाही, मला कळतं. पण करते. दहाव्याला तुमच्या पिंडाला कावळा शिवला, तोही लगेच. भटजींनी बाजूला व्हा म्हणायच्या आतच. सगळ्या बायका म्हणाल्या, "भाग्यवान हो, काही इच्छा राहिली नव्हती." मी पदर तोंडाला लावून उभी होते आणि मनात म्हणत होते, राहिली नव्हती? तीन गोधड्या ट्रंकेत अर्ध्या टाकून ही बाई एवढी निवांत? माझ्या वेळी कावळा संध्याकाळपर्यंत फिरकायचा नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

ट्रंक उघडली ती चार दिवसांनी. दुपारची भांडी झाली होती, म्हशी बसून रवंथ करत होत्या, हे मेथीच्या जुड्या मंडईत देऊन येऊन झोपले होते. रोज याच वेळेला आपण ओट्यावर बसायचो, जेवणं आणि धारा यांच्या मधल्या दोन-अडीच तासांत. तुमची बाजू भिंतीकडची, माझी पायरीकडची. ट्रंकेत वर डांबराच्या गोळ्यांचा वास, खाली तुमचा वास. सगळ्यात वर सुयांची चिंधी होती. तुम्हाला शेवटी शेवटी दिसेनासं झालं, तेव्हा मी रोज सकाळी वीस सुया ओवून त्या चिंधीला टोचून ठेवायचे आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत त्या संपवायचात. त्यातल्या सात सुया ओवलेल्या तशाच होत्या. मी त्या दोनदा मोजल्या.

तुमच्या लेकासाठी, महेशसाठी शिवायला घेतलेली मोठी गोधडी निम्मी होती. तो एसी लावून विकतचं मऊ पांघरूण घेतो, त्याला ती नको आहे, आणि ते त्याने तुम्हाला कधी सांगितलं नाही. शेजारच्या सोसायटीतल्या कुणा मॅडमची दुसरी. आणि तळाशी, स्वच्छ पंच्यात गुंडाळलेलं, दुपटं. माझ्या पल्लवीच्या बाळाचं.

येणाऱ्या बाळासाठी आधी नवं काही आणायचं नसतं, पण जुन्या कापडाचं चालतं, म्हणून पल्लवीने हडपसरहून फोन करून सांगितलं होतं, "दुपटं मात्र मोठ्या आईच्याच हातचं पाहिजे हं." तिने फोन मला केला होता. माझ्या लेकीने, माझ्या नंबरवर, आणि निरोप तुमच्यासाठी. मी तो दिलाही. तुम्ही म्हणालात, "आगं, करते की. लई दिस हायेत अजून." आणि दिवस काही तेवढे नव्हते.

मी ते उलगडलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वरचं कापड माझ्या साडीचं होतं. ती पोपटी, बारीक काठाची, पल्लवीच्या वेळी मी सात महिने घरात नेसायचे ती. विरून लोण्यासारखी झाली होती म्हणून मी जपून ठेवलेली, आणि दोन महिन्यांपासून शोधत होते. विचारायचीही गरज वाटली नाही ना तुम्हाला? साडी माझी, पोर माझी, सुईत दोरा मी ओवलेला. आणि दुपटं मोठ्या आईचं.

आपलं हे भांडण जुनंच आहे. मी मंडईजवळच्या दोन खोल्यांतून या घरात आले तेव्हा आपलं धायरी नुसतं गावच होतं, सोसायट्या नव्हत्या. मी शिवणाच्या क्लासला गेलेली, माझ्या रुखवतात शिलाई मशीन. पल्लवी वर्षाची झाली तेव्हा मी तिच्यासाठी मशीनवर गोधडी शिवली. कडेला झालर, मध्ये कापडाचा मोर. पेठेतल्या माझ्या मावशीने तर तोंडात बोट घातलं. आणि पोरीने ती पायांनी ढकलून दिली. तीन रात्री मी घालायचे, ती ढकलायची, आणि पहाटे बघावं तर तुमच्या खोलीत, तुमच्या त्या जुनाट धोतराच्या गोधडीत. तुम्ही मला समजावलंत, "मशीनीचा टाका लई घट हुतो, पोराला टोचतं ते. तुझं काय चुकलं न्हाई." तुम्ही चांगल्या मनाने म्हणालात. त्यामुळेच मला जास्त झोंबलं. तुम्ही वाईट असतात, तर माझं आयुष्य किती सोपं झालं असतं!

मग ते सोसायटीतल्या मुलींनी काढलेले फोटो. "आजी आणि त्यांची गोधडी." गोधडी पसरून दाखवायला दुसरं टोक कुणीतरी धरायला हवं होतं, ते मी धरलं. तो फोटो अजून तुमच्या भिंतीवर आहे. त्यात तुम्ही पूर्ण आहात आणि माझी चार बोटं आहेत.

आणि घास. तो तर मी कधीच विसरणार नाही. आपल्या घरची रीत, गोधडी कडेकडेने शिवत मध्यावर यायचं, आणि मधला शेवटचा तुकडा लावण्याआधी त्याखाली भाकरीची एवढीशी कोर ठेवायची, हळदीकुंकू लावून. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाराला ऊब देत नाही. सासूबाईंनी ते तुम्हाला दिलं आणि तुम्ही ते कुणाला दिलं नाही. चारही बाजूंनी फेरे घालायला मी, गुडघे मोडायचे माझे, आणि मध्यावर आलं की तुम्ही म्हणणार, "सर जरा." गेल्या दिवाळीत मी न राहवून म्हणाले, "अक्का, यावेळी घास मी भरते." तुम्ही हसलात. "माझ्यामागं तुझंच हाय की समदं." मी म्हणाले, "तेवढी वाट बघायला मला वेळ नाही." तुम्ही भाकरीची कोर ठेवून तुकडा लावायला घेतलात. ते बोलणं तिथेच राहिलं. मला त्या वाक्याची लाज वाटते, आणि तुम्ही घास दिला नाहीत याचा रागही अजून गेलेला नाही. दोन्ही खरं आहे.

हे सगळं अशासाठी सांगते आहे, की पुढे मी जे केलं ते तुम्हाला नीट कळावं.

दुपट्याला तुमचे पाच फेरे घालून झाले होते. मधलं तेवढं राहिलं होतं. मी ते पूर्ण केलं असतं तर घरभर झालं असतं, अक्कांनी मरता मरता नातवंडासाठी दुपटं शिवायला घेतलं आणि धाकटीने ते कसंबसं पुरं केलं. मला ते नको होतं. मला माझ्या नातवंडाचं दुपटं माझं हवं होतं. मी आत जाऊन ब्लेड आणलं आणि तुमचे टाके उसवायला बसले.

आतला फेरा आधी. मग दुसरा, तिसरा. तुमचा टाका उसवायला किती सोपा, अक्का. एक कापला की ओढत जावं, अख्खी ओळ सरळ हातात येते. चौथाही गेला. सगळ्यात बाहेरच्या फेऱ्याच्या तीन बाजू निघाल्या, चौथीही संपत आली आणि तेवढ्यात तुमची लाडकी म्हैस खुंटा उपटून सोसायटीच्या गेटात शिरली. वॉचमन ओरडायला लागला. मी ब्लेड टाकून धावले. अर्धा तास ती पार्किंगमध्ये एका पांढऱ्या गाडीला अंग घासत उभी होती, आणि गाडीचा मालक बाल्कनीतून मला "अहो काकू, आपली आहे का ही?" विचारत होता. नाही, मी फिरायला आणली आहे, असं सांगून तिला ओढत परत आणली. घरी आले तेव्हा हातातला राग ओसरला होता. एका बाजूची वीतभर ओळ तुमची राहिली होती, ती तशीच राहू दिली. बाकीचे दोरे गोळा करून बंबात घातले. पाणी तापवायला चांगले जळाले ते.

मग मी दुपटं परत शिवलं. पंधरा दुपारी लागल्या. मशीनवर नाही, हाताने. तुमच्या त्या सात सुया आधी वापरल्या. कडेपासून सुरुवात केली, तुमच्या राहिलेल्या ओळीला जोडून घेतलं आणि आत आत येत गेले.

टाका घालताना मला ते वर्ष आठवत होतं. दुसरं बाळ जन्मताच गेलं ते. मी भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, उठायचे नाही, पल्लवीलाही जवळ घ्यायचे नाही. तुम्ही एक दिवस खोलीतच गोधडी पसरलीत, मला उठवून बसवलंत, सुई हातात दिलीत. "रडायचं तर रड, पर टाका घाल. माझ्या टाक्यामागं टाका घाल, दुसरीकडं बघू नगं." मी शिवणाच्या क्लासची पास, आणि तुम्ही मला पोरीसारखं शिकवत होतात. तुमचा एक टाका, मागे माझा एक. महिनाभर. त्या महिन्यात तुम्ही पल्लवीला न्हाऊ घातलंत, भरवलंत, तिथेच ती तुमची झाली. मी तुम्हाला त्याबद्दल कधी धन्यवाद दिले नाहीत. आता देते. तुम्ही नसतात तर मी उठले नसते, अक्का. आणि तुम्ही माझं पोर घेतलंत, हेही त्याच महिन्यातलं आहे. मला या दोन गोष्टी कधी वेगळ्या करता आल्या नाहीत.

परवाच्या शनिवारी मध्यावर आले. एक भाकरी टाकली, कोर मोडली, हळदीकुंकू लावलं. ओट्यावर कुणी नव्हतं. मला "सर जरा" म्हणणारं कुणी नव्हतं. घास ठेवला आणि तुकडा लावला. तीस वर्षं ज्यासाठी जीव जळत होता ते पाच मिनिटांत झालं. तुम्ही बघायला नव्हतात, तर त्यात काय मजा!

रविवारी पल्लवीचं डोहाळजेवण होतं. हडपसरहून नवऱ्याबरोबर आली. पाय सुजलेत तिचे, चेहरा मात्र उजळलाय. आल्या आल्या तुमच्या फोटोपुढे उभी राहिली, मग माझ्या गळ्यात पडली. मी तो क्रमही लक्षात ठेवला. माझा स्वभाव आता काही बदलायचा नाही. ओटी भरून झाली, बायकांची जेवणं झाली, आणि मी आतल्या खोलीत तिच्यापुढे दुपटं ठेवलं.

तिने ते उघडलं, हात फिरवला आणि रडायला लागली. "आई, मोठ्या आईने पूर्ण केलं होतं? तू मला बोलली पण नाहीस! बघ ना, तिचा हात लगेच कळतो. दुसऱ्या कुणाला असा टाका जमणंच शक्य नाही."

मी गप्प बसायला हवं होतं. बसले असते तर सगळं छान झालं असतं. तुमचं नाव राहिलं असतं, पोर सुखात गेली असती. पण अक्का, पोटात जे तीस वर्षं दुखत होतं ते तोंडापर्यंत आलं. मी खरेपणाने बोलले असं कुणी म्हणू नये. हेव्याने बोलले.

"माझे आहेत ते," मी म्हणाले.

"काय?"

"टाके. ते सगळे माझे आहेत. तिने पाच फेरे घातले होते. मी उसवले."

तिला आधी वाटलं, मी चेष्टा करते आहे. मग माझ्याकडे बघून तिला कळलं. "उसवले म्हणजे? का?"

"मला माझं हवं होतं म्हणून."

"आई, तिचं ते शेवटचं होतं." ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला तोंड देता आलं असतं. "तू असं कसं केलंस? दोरे तरी ठेवलेस का?"

मी नाही म्हणाले. बंबात घातले हेही सांगितलं. आता लपवायचं काय राहिलं होतं? तिने दुपटं पोटाशी धरलं आणि खाली बघत बसली. बाहेर ओट्यावर बायका हसत होत्या, जावईबापू कुणाला तरी बिल्डिंगचं नाव समजावून सांगत होते. मला वाटलं, ही आता उठेल, निघून जाईल, बाळंतपणालाही माझ्याकडे येणार नाही. माझी पोर मी तुमच्याकडून ओढून घ्यायला गेले आणि दोघींच्याही हातून घालवली.

मग तिने विचारलं, "एकही नाही ठेवलास? एक टाका पण नाही?"

"एक ओळ आहे," मी म्हणाले. "बाहेरच्या फेऱ्यात. वीतभर. ती तिचीच आहे."

"कुठे? दाखव."

मी दुपटं मांडीवर घेतलं. चष्मा लावला. तुमचा टाका मी डोळे मिटून ओळखते, अशी माझी घमेंड होती. किती वेळा म्हणाले होते तुम्हाला, तुमचा टाका जरा डावीकडे कलतो, माझा सरळ असतो. मी पहिली कड बघितली. मग दुसरी. तिसरी. चौथी. खिडकीपाशी गेले, उजेडात धरलं, उलटं करून बघितलं. दोरा एक, लांबी एक, कलणंही एकच. सगळेच डावीकडे कलत होते. कुठे तुम्ही संपलात आणि कुठे मी सुरू झाले, मला दिसेना. पुन्हा पहिल्या कडेपासून बघितलं.  पल्लवी माझ्याकडे बघत होती आणि मला तुमची वीतभर ओळ सापडत नव्हती. तुम्ही गेलात त्या दिवशी मी स्वयंपाक केला, माणसांचं चहापाणी केलं, कोरड्या डोळ्यांनी तुम्हाला शेवटचं कुंकू लावलं. त्या दिवशी न आलेलं रडू मला तिथे आलं.

"आई?" ती म्हणाली. "सापडलं?"

मी एका जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे. हे तिचे."

तिने त्या जागेवर गाल टेकवला.  मग एक हात लांब करून माझा हात धरला, दुपट्यावरून डोकं न उचलता.

ती जागा तुमची होती की माझी, मला माहीत नाही. तुम्हाला तिथून स्पष्ट दिसत असेल. दिसत असलं, तरी मला सांगू नका.